दाणेदार खताची कंपन चाळणी : आधी माल पाहा, मग मोटार

खानदेशात कपाशीला पाभरीने खत पेरणारा शेतकरी आणि केळीच्या बुंध्याभोवती मुठीने खत टाकणारा शेतकरी, दोघेही गोणी उघडल्यावर आधी दाणा पाहतात. चुरा जास्त असेल तर ओलसर सकाळी पाभरीची नळी तुंबते, आणि जाड खडे असतील तर एका झाडाला खत जास्त व दुसऱ्याला कमी पडते. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) आणि दाणेदार एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) खतांसाठी किमान ९० टक्के माल १ ते ४ मिलिमीटरच्या दरम्यान असावा आणि १ मिलिमीटरहून बारीक माल ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, अशी अट आहे. ही अट कारखान्यात प्रत्यक्ष पाळली जाते ती कंपन चाळणीवर, म्हणून ती चालवणाऱ्याला तिचे काम नीट समजलेले असावे.

चाळणीच्या पेटीत सहसा दोन जाळ्या असतात. वरच्या जाळीवर राहिलेला जाड माल क्रशरकडे जातो, खालच्या जाळीतून पडलेला चुरा पुन्हा ग्रॅन्युलेटरमध्ये, म्हणजे दाणे बनवणाऱ्या यंत्रात, जातो आणि मधला माल गोणीत भरला जातो. पेटी स्प्रिंगांवर उभी असते आणि तिला हलवते ते मोटारीच्या शाफ्टवर मुद्दाम एका बाजूला बसवलेले वजन. शेजारी बसवलेल्या दोन मोटारी एकमेकींच्या उलट दिशेने फिरत असतील, तर पेटी तिरक्या सरळ रेषेत हलते. शाफ्ट एकच असेल, तर ती वर्तुळात हलते आणि माल पुढे सरकावा म्हणून तिला अधिक उतार द्यावा लागतो. मिनिटाला ९६० फेरे आणि एकूण ५ मिलिमीटर हालचाल असेल, तर दाण्याला मिळणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे अडीच पट असतो. त्यामुळे दाणा जाळीवर घासत न जाता उड्या मारत पुढे जातो. सुपात दादर ज्वारी पाखडताना जसे बारीक खाली बसते आणि जाड वर येते, तसेच येथे थरात घडते. थरात ही विभागणी झाल्याशिवाय चुरा जाळीपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणूनच थराची जाडी महत्त्वाची ठरते. माल सुटण्याच्या टोकाशी हा थर भोकाच्या तिपटीहून जाड नसावा, म्हणजे ४ मिलिमीटरच्या जाळीवर तो साधारण १२ मिलिमीटरच्या आत राहावा. माल जाळीच्या पूर्ण रुंदीवर सारखा पसरला पाहिजे. तो मधोमध ढिगाने पडत असेल, तर कडेची जाळी रिकामी हलत राहते आणि मधली लवकर फाटते. उताराचाही हिशेब ठेवावा, कारण २० अंशांच्या उतारावर ४ मिलिमीटरचे भोक वरून पडणाऱ्या दाण्याला ३.८ मिलिमीटरहूनही लहान मिळते.

चाळणी नीट काम करत नसेल, तेव्हा बहुतेक वेळा दोष मोटारीत नसून मालात असतो, असे माझे ठाम मत आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात जी जाळी दिवसभर स्वच्छ राहते, तीच ऑगस्टमध्ये दोन तासांत बुजते. युरिया ३० अंश तापमानाला हवेतील आर्द्रता सुमारे ७२ टक्क्यांवर गेली की पाणी ओढू लागतो, आणि इतर खतांत मिसळल्यावर ही मर्यादा आणखी खाली येते. पूर्वी एका पावसाळ्यात आम्ही जाळी बुजते म्हणून मोटारीची वजने वाढवली. चुरा तसाच राहिला आणि आठवडाभरात बाजूच्या पत्र्याला वेल्डिंगपाशी तडा गेला. खरा दोष ड्रायरच्या कमी पडणाऱ्या उष्णतेत होता.

म्हणून चाळणीला हात लावण्यापूर्वी कूलरमधून निघालेला मूठभर माल घेऊन घट्ट दाबावा आणि मूठ उघडावी. दाणे सुटे झाले, तर माल ठीक आहे. तळहातावर चिकट पांढरा थर राहिला, तर आधी ड्रायर व कूलर पाहावा.

माल कोरडा असूनही चुरा सुटत नसेल, तरच यंत्राकडे वळावे. पेटीच्या चारही कोपऱ्यांवर पांढरा कागद चिकटवून त्यावर पेन्सिलीने एक ठिपका काढावा. चाळणी चालू असताना तो ठिपका रेघेसारखा किंवा वर्तुळासारखा दिसतो आणि त्याची लांबी हीच पेटीची हालचाल असते. एका बाजूच्या दोन्ही कोपऱ्यांवरील लांबी दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळी आली, तर स्प्रिंग दबलेली आहे किंवा मोटारीच्या दोन टोकांची वजने सारखी लावलेली नाहीत, असे समजावे. त्यानंतर जाळीचा ताण पाहावा. सैल जाळी पेटीपेक्षा वेगळ्या लयीत फडफडते आणि कडेला तुटते. नवी जाळी बसवल्यावर काही तासांनी बोल्ट पुन्हा आवळणे आवश्यक असते, आणि नेमके हेच काम सर्वाधिक वेळा राहून जाते. जाळीखाली उसळून भोके मोकळी ठेवणारे रबरी चेंडू झिजून लहान झाले असतील, तर ते बदलावेत.

गांडूळखत किंवा कंपोस्ट चाळणाऱ्यांसाठी अट वेगळी आहे. तेथे किमान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून पडला पाहिजे, त्यामुळे एक जाळी पुरते.

पाळी संपताना आधी येणारा माल थांबवावा, चाळणी काही मिनिटे रिकामी चालू द्यावी आणि मगच बंद करावी. मेन स्विच काढून त्याला कुलूप लावल्यानंतरच जाळीला नायलॉनच्या ब्रशने खालून वर घासावे, म्हणजे अडकलेले दाणे ज्या बाजूने आले त्याच बाजूने निघतात. हातोडीने ठोकल्यास तारा सरकून भोके वाकडी होतात आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच जाड माल गोणीत उतरतो.