आपल्याच गावाचे फोटो काढताय? या चुका टाळा

कोल्हापुरातल्या कुठल्याही हौशी फोटोग्राफरची गॅलरी उघडा. रंकाळ्यावरचा सूर्यास्त, शालिनी पॅलेस, अंबाबाईचं शिखर, धुक्यातला पन्हाळा. फोटो छान असतात, पण दोन दिवसांसाठी आलेला पाहुणाही हेच काढून नेतो, आणि बऱ्याचदा त्याचा कॅमेरा आपल्यापेक्षा भारी असतो. इथं राहणाऱ्याला जे मिळतं ते त्याला मिळत नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तेच दुकान कसं दिसतं, गल्लीत दुपारी तीन वाजता कोण बसलेलं असतं, कुणाच्या हाताखाली कोण शिकतंय, हे आपल्यालाच माहीत. गावात राहून पाहुण्यासारखे फोटो काढणं ही मूळ चूक, आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच येतात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये सुरू झालेलं हे पूर्वीचं पॅलेस थिएटर. पुढचे कित्येक दिवस लोक आपापले जुने फोटो शोधून एकमेकांना पाठवत होते. माझ्या पाहण्यात आले ते बहुतेक दर्शनी भागाचे, नाहीतर रंगमंचावर बक्षीस घेतानाचे. तिकिटाची खिडकी, मेकअपची खोली, विंगेत उभं राहून एन्ट्रीची वाट बघणारी पोरं, मध्यंतरातली चहाची गर्दी यांचे फोटो फारच थोडे दिसले. हजारो लोकांनी ते वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण रोजचं आहे, कुठं जातंय, असं वाटलं की हात खिशातल्या फोनकडे जात नाही.

म्हणून कॅमेरा घेऊन बाहेर पडण्याआधी एक यादी करा: येत्या काही वर्षांत आपल्या भागातलं काय काय बदलेल किंवा जाईल? हातानं रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या घ्या. चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या गावात पाट्या रंगवणं ही साधी गोष्ट नव्हती, अक्षराला वळण होतं, सावली होती. आता त्यांच्या जागी फ्लेक्स आलेत. ज्या उरल्यात त्या आधी घ्या, सूर्यास्त उद्याही होणार आहे.

मागचं सगळं धूसर करणं

नवीन लेन्स आली की पहिला मोह होतो एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून, चेहरा टिपण्याचा. फोनवाल्यांसाठी तेच काम पोर्ट्रेट मोड करतो. चेहरा कातरून काढल्यासारखा येतो आणि मागं नुसता रंगांचा गाळ राहतो. मग हा माणूस कपिलतीर्थ मंडईत बसलाय की आणखी कुठं, हे कसं कळणार? गावाच्या फोटोत मागची बाजू हाच अर्धा मजकूर असतो. भाजीच्या दराची पाटी, वाढदिवसाचा फ्लेक्स, टेकवून ठेवलेली स्प्लेंडर, लोंबणाऱ्या वायरी, सगळं राहू द्या. एफ ५.६ ते ८ ठेवा, पोर्ट्रेट मोड बंद करा. फोनमध्ये हल्ली बोट फिरवलं की वायर पुसली जाते, ती सोय इथं वापरूच नका. वीस वर्षांनी बघणाऱ्याला फोटो कधीचा ते त्या गाडीवरून आणि फ्लेक्सवरूनच कळणार आहे.

याचीच जोडीदार चूक म्हणजे रस्त्याच्या पलीकडून झूम करून फोटो काढणं. २०० एमएमने काढलेल्या फोटोत माणसाच्या नजरेत शंका दिसते, कारण कुणीतरी लांबून आपल्यावर नेम धरलाय हे त्याला कळलेलं असतं. २८ किंवा ३५ एमएमची रुंद लेन्स लावा आणि जवळ जा. फोनवर साधी एक एक्स लेन्स पुरते. ०.५ एक्सने कडेच्या माणसांची डोकी ताणली जातात, त्यामुळे घोळक्याच्या फोटोला ती नको.

म्हैस करडी आणि फेस जळालेला

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर फोटो काढणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ही अडचण येते. रस्त्याकडेला म्हैस बांधलेली, गवळी चरवीत धार काढतोय, गिऱ्हाईक समोर उभं, आणि ग्लासात दुधापेक्षा फेस जास्त. डोळ्यांना दिसते काळीभोर तुकतुकीत म्हैस. फोटोत येते राखाडी म्हैस, आणि ग्लासाच्या जागी नुसता पांढरा डाग.

कॅमेऱ्यात बिघाड नसतो. समोरची वस्तू मुळात काळी आहे की पांढरी हे त्याला ओळखता येत नाही, तो जे दिसेल त्याची सरासरी मध्यम करड्यावर आणून ठेवतो. चौकटीत बरीचशी म्हैसच असेल तर त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोतला उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे एकवर न्या. फोनवर फेसावर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह येईल ते खाली ओढा. फेसाचे बुडबुडे दिसायला लागले की थांबा. सावलीतला तपशील नंतर थोडाफार वर काढता येतो, विशेषतः रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, असेल तर. पण जळालेला पांढरा भाग कुठल्याच ॲपमधून परत येत नाही.

उलटा प्रकार चुन्याच्या भिंतीपुढं धोतर-टोपीत बसलेल्या म्हाताऱ्यांचा. तिथं कॅमेरा पांढऱ्याला घाबरून उजेड कमी करतो आणि चेहरे कोळशासारखे काळे येतात. तिथं अधिक एक करा, किंवा चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग घ्या, म्हणजे कॅमेरा तेवढाच भाग बघून उजेड ठरवेल.

कट्ट्यावर संध्याकाळी आणखी एक घोळ होतो: फोटोत आडवे काळे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटरचा वेग १/५०० सेकंद असेल, त्यातही इलेक्ट्रॉनिक शटर असेल, तर पट्टे उमटतात. १/१०० किंवा १/५० वर या, कॅमेऱ्यात मेकॅनिकल शटर असेल तर ते निवडा, फोनवर प्रो मोड उघडा. १/१०० ला दुधाची धार गोठत नाही, रेघ होऊन येते. मला ती तशीच आवडते. नाइट मोड मात्र नको. तो अनेक फोटो एकावर एक रचतो आणि धार काढणाऱ्याचे हात धुरकट होतात.

'नॅचरल राहा' असं सांगणं

लोकांना विचारावं की न विचारता टिपावं, यावर हौशी मंडळी तासन्‌तास वाद घालतात. आपल्याच गावात हा प्रश्न सोपा आहे, कारण उद्या त्याच माणसासमोरून जायचंय. विचारा.

"मामा, एक फोटो काढू का?"

"काढ की. पेपरात येणार काय?"

मग मामा टोपी सारखी करतात, हात पुसतात आणि शाळेतल्यासारखे ताठ उभे राहतात. इथं बहुतेक जण म्हणतात, "असं नको, नॅचरल राहा, काम करत राहा." ते म्हणू नका. आपण कसं दिसावं हे त्या माणसानं ठरवलंय, त्याचा मान ठेवा. तो ताठ फोटो नीट, मन लावून काढा. घरच्यांना दाखवायला त्यांना तोच हवा असतो. आणि तो काढल्यावर निघू नका. कोल्हापुरी चपलांच्या बाजारात, चप्पल लाइनला, एखाद्या कारागिराच्या शेजारी बसलात तर दहा मिनिटांत तो तुम्हाला विसरून कातड्याच्या वेणीकडे वळतो. तुम्हाला हवा असलेला फोटो तेव्हा मिळतो, आणि तो मिळतो कारण आधीचा तुम्ही मानानं काढलेला असतो.

काही फोटो विचारूनही काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे. पंचगंगा घाटावर अंघोळ करणाऱ्या किंवा ओल्या कपड्यांत धुणं धुणाऱ्या बायका. मंदिराबाहेर हात पसरून बसलेली माणसं. स्मशान. आईबाप शेजारी नसताना लहान मुलं. आणि फोटो काढायला मिळालेली परवानगी ही तो सगळीकडे टाकायची परवानगी नसते, ती वेगळी विचारा. मंदिरात जिथं कॅमेरा चालत नाही तिथं तो पिशवीतच राहू द्या. महाद्वार रोडवर हळद-कुंकवाची, बांगड्यांची, खणांची दुकानं आहेत, सगळा दिवस पुरणार नाही.

तालमीचं थोडं वेगळं. मोतीबाग असो, गंगावेस असो, आधी वस्तादांना भेटा, तेही कॅमेरा बाहेर न काढता. चपला बाहेर. हौद्यातल्या मातीवर पाय ठेवायचा नाही. ताक, तेल, हळद घालून मुरवलेली ती माती पैलवानांसाठी पूजेची गोष्ट आहे. फ्लॅश तर अजिबात नको. डाव चालू असताना डोळ्यांवर झगमगाट झाला तर दुखापत होऊ शकते, आणि हवेतली धूळ चमकून फोटोत ठिपक्यांचा पाऊस पडतो. पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० वर न्या, शटर १/२५० च्या खाली येऊ देऊ नका. फोटोत दाणे येतील, येऊ देत. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

गुलाल, वाफ आणि बुरशी

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळतो तेव्हा लेन्स बदलणं म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात मूठभर गुलाल टाकणं. एकच लेन्स लावून जा, समोर यूव्ही फिल्टर, सांध्यांवर चिकटपट्टी. घरी आल्यावर कापडानं पुसायची घाई करू नका, बारीक कण काचेवर चरे पाडतात. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड शेवटी. फोटोत गुलालाचा नुसता सपाट गुलाबी गोळा येत असेल तर लाल चॅनल भरून वाहिलाय, म्हणजे लाल रंगातला तपशील जळालाय. रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा आणि उजेड कमी करा.

गुऱ्हाळावर पहाटे गेलात तर उलट अडचण. थंड लेन्स काहिलीच्या वाफेजवळ नेली की धुकं बसतं. बोटानं पुसलं की तेलकट डाग होतो. कॅमेरा बाहेर काढून चुलवाणापासून थोडं लांब पंधरा-वीस मिनिटं ठेवा, तोवर गुळव्याशी गप्पा मारा. तिथं ऑटो व्हाइट बॅलन्सही, म्हणजे कॅमेऱ्यानं आपणहून रंग जुळवणंही, बंद करा. कॅमेरा गुळाचा तो पिवळाधमक रंग फिका करून टाकतो, आणि गुळाचा भाव तर रंगावरच ठरतो. फिका गूळ दाखवलेला फोटो गुळव्याला आवडणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

पावसाळ्यात कॅमेरा त्याच्या फोमच्या बॅगेत घालून कपाटात ठेवणं ही लेन्सला बुरशी लावायची हमखास पद्धत. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या, रंग उतरला की पाकिटावर लिहिल्याप्रमाणे गरम करून परत वापरा. आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा.

पूर कुठला?

ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि तिचा लेन्सशी काही संबंध नाही. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गल्लीचा फोटो समोर आला की कोल्हापुरात पहिला प्रश्न: कुठला पूर? २००५ चा, २०१९ चा की २०२१ चा? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं, पण फोटोवर तारीख नसेल तर त्या दिवशी पाणी किती होतं हे शोधायचं कसं? दर पावसाळ्यात जुने फोटो आजचे म्हणून फिरतात, त्याचंही कारण हेच. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती गळून पडते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅमेऱ्याचं घड्याळ आजच तपासा. बॅटरी बराच काळ काढून ठेवली असेल तर ते बहुधा चुकलेलं असतं.

फोटो काढले त्याच संध्याकाळी प्रत्येक चांगल्या फोटोसोबत चार गोष्टी लिहा: ठिकाण, तारीख, माणसाला नाव चालणार असेल तर नाव, आणि तो काय करतोय ते त्याच्याच शब्दांत. 'ओल्ड मॅन वर्किंग' असं लिहून काही साधत नाही. 'काहिलीतली मळी काढताना' असं लिहिलंत तर तो शब्दही टिकतो.

आणि सगळं एकाच हार्ड डिस्कवर ठेवू नका, तेही तळमजल्याच्या कपाटात. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीसारख्या भागांत २०१९ ला घरांमध्ये पाणी शिरलं तेव्हा किती जणांचे लग्नाचे अल्बम भिजून एकमेकांना चिकटले, ते आठवा. एक प्रत घरी वरच्या मजल्यावर, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

ज्याचा फोटो, त्याला कागदावरची प्रत द्या. पुढच्या वेळी त्या गल्लीत जाताना चार बाय सहाचे प्रिंट सोबत घ्या, मॅट कागदावर, म्हणजे बोटांचे ठसे कमी दिसतात. मागं तारीख आणि जागा लिहायची ती मऊ पेन्सिलीनं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. पेन्सिल धरत नसेल अशा गुळगुळीत कागदाला फोटोसाठीचा बारीक परमनंट मार्कर वापरा आणि शाई वाळेपर्यंत प्रिंट एकावर एक ठेवू नका.