मृत्युपत्र करताय? आधी साक्षीदार बघा

कोरा कागद चालतो, स्टँप पेपर लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं, तारीख टाका, प्रत्येक पानावर सही करा. हे सगळ्यांना माहीत असतं. फ्लॅट कोणाला नि बांगड्या कोणाला यावर घरात महिनोन्‌महिने काथ्याकूट चालतो आणि साक्षीदार म्हणून मात्र सहीच्या दिवशी जो हाताशी सापडेल त्याला बसवतात. तिथेच घोळ होतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात, करणाऱ्याने सही त्यांच्यादेखत करायची किंवा ही माझीच सही असं त्यांना सांगायचं, आणि त्यांनी त्याच्यासमोर सही करायची. पुढे कोणी वाद काढला तर दोघांपैकी निदान एकाला पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात उभं राहून हे सांगावं लागतं. म्हणजे तो तेव्हा जिवंत नको का? आमच्या अण्णांच्या वेळी त्यांच्याच वयाचे दोन मित्र मीच रिक्षाने घेऊन आलो, दोघंही अण्णांच्या आधी गेले, मग त्यांची अक्षरं ओळखणारं कोणी मिळतं का ते शोधत बसलो. एकाची सही म्हणजे नुसता फराटा, खाली ना नाव ना पत्ता.

तर साक्षीदार तरुण घ्या. करणाऱ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पुण्यातच राहणारा, सहीखाली पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल. ज्याला काही मिळणार आहे तो नको, त्याची बायकोही नको. वय झालेलं असेल तर डॉक्टरांचं त्याच दिवशीचं सर्टिफिकेट घ्या, आणि डॉक्टर तयार असतील तर त्यांनाच साक्षीला घ्या, म्हणजे शुद्धीत होते का हा प्रश्नच राहत नाही.

मिळकतीचं वर्णन आठवणीतून लिहू नका, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मुळशीकडे जमीन असेल तर सातबारा समोर ठेवून गट नंबर उतरवा. वडिलोपार्जित असेल तर फक्त आपला हिस्सा देता येतो, अख्खा वाडा नाही. सोसायटीत नॉमिनी लावलाय म्हणून निवांत राहू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. एखाद्या मुलाला वगळत असाल तर कारण एका ओळीत लिहा. (हे हिंदू घरांचं सांगतोय, मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशच देता येतं.)

रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, तरी करा. पण रजिस्टर झालं म्हणजे साक्षीदाराचं काम संपलं असं अजिबात नाही, कोर्टात तो लागतोच, हे एजंट सांगत नाहीत! प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, पुण्यात सक्तीचं नाही; मुंबईत ते २०२५ पर्यंत सक्तीचं होतं, तिकडच्या नातेवाइकांचं ऐकून घाबरू नका.

बाकी पटापट. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा माणूस, नेमा, त्याला विचारून. बदल करायचा तर खाडाखोड नको, नवीन करा, आधीची सगळी रद्द असं लिहा, त्यालाही दोन साक्षीदार लागतात. मूळ कागद एकट्याच्या नावच्या लॉकरमध्ये ठेवू नका, कुठे आहे ते घरात कोणाला तरी सांगा.