मागे वाकणं, ओणवं आणि कमान: या चुका टाळा

एका योगशिबिराचं माहितीपत्रक तपासायला आलं होतं. अर्धचक्रासन म्हणजे उभं राहून मागे वाकणं. त्याच्या कृतीत लिहिलेलं: ‘हात वर घ्या आणि हळूहळू ओणवे होत मागे जा.’ ओणवं म्हणजे कमरेतून पुढे वाकलेलं. शाळेत ज्यानं ही शिक्षा भोगलीय त्याला वेगळं सांगायला नको. ओणवं राहून मागे जाणारा भिंतीवर आपटेल, आसन काही होणार नाही.

नुसतं ‘वाक’ म्हटलं की मराठी माणूस पुढेच वाकतो. ‘वाकून नमस्कार कर’ म्हटल्यावर कुठल्या बाजूला, असं कुणी विचारत नाही. म्हणून उलटी दिशा असेल तर ‘मागे’ हा शब्द गाळू नका. पार हात टेकेपर्यंत मागे जायचं असेल तर आपल्याकडे नेमका शब्द आहे: कमान टाकणं. ‘आई, बघ, कमान टाकते!’ म्हणत मुलगी डोकं मागे सोडते, हात चाचपडत जमीन शोधतात, पोट आभाळाकडे. इथे ‘पाठ वाकवते’ लिहिलं तर सगळा ताण निघून जातो. वाकलेल्या पाठीला आपण पोक म्हणतो, आणि त्यात कौतुक नसतं.

कमान म्हणजे मूळ फारसीत धनुष्य. तीरकमान, वेशीची कमान, ट्रकचे कमानपाटे, सगळीकडे तोच बाक. ‘चढती कमान’ही आपलीच. पण ‘संघाची कमान त्याच्या हाती’ ही हिंदीतून आलेली. तिचा धनुष्याशी संबंध नाही, ती ‘कमांड’ आहे. मराठीत धुरा असताना ती कशाला?

आसनांच्या नावांवरूनही दिशा ठरवू नका. पश्चिमोत्तानासनातलं ‘पश्चिम’ म्हणजे पाठीची बाजू. ताण तिला बसतो, वाकायचं मात्र पुढे. कमान टाकल्यासारख्या ज्या आसनाला बरेच जण चक्रासन म्हणतात त्याला योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत ऊर्ध्वधनुरासन म्हणतात, आणि तिथलं चक्रासन म्हणजे मागची कोलांटी. नावापुढे कृती लिहिलीत तर वाचकाची मान वाचेल.

‘bend over backwards’ या इंग्रजी वाक्प्रचाराचं ‘त्यानं मागे वाकून मदत केली’ असं भाषांतर दिसलं की मला तो माणूस कमान टाकून पैसे मोजताना दिसतो. जिवाचा आटापिटा केला म्हणा.

सगळ्यात अवघड चूक आयुर्वेदावरच्या एका लेखात सापडली. ‘बाह्यायाम’ म्हणजे वातामुळे शरीर मागच्या बाजूला धनुष्यासारखं ताठ वाकणं. पुढच्या बाजूला वाकलं तर अंतरायाम. धनुर्वात या नावातलं धनुष्यही तेच. टंकलेखकाला शब्द चुकलेला वाटला, त्यानं तो ‘सुधारला’. पहिल्या प्रुफात वाक्य होतं: ‘अशा रुग्णास वारंवार बाह्य व्यायाम होतो.’