जर्मनीत ताजी भाजी स्वस्तात

सोलापुरातून जर्मनीला गेलेल्यांना सुपरमार्केटातली भाजी महाग वाटते. आठवडी बाजार, म्हणजे ‘वोखेनमार्क्ट’, गाठा. तोही उठायच्या अर्धा तास आधी. आपल्या मंडईत संध्याकाळी वाटे स्वस्त होतात, तसंच. फक्त तिथला बाजार बहुधा दुपारीच उठतो. पेटी घेताना तळाचे टोमॅटो दाखवायला सांगा. मऊ माल तिथंच असतो.

कोथिंबीर, पुदिना तुर्की दुकानात जुडीनं घ्या. धुऊन पूर्ण कोरडी करा, चिरून फ्रीजरमध्ये ठेवा. ओली राहिली की बर्फाचा गोळा झालाच! आमटीत गोठलेलीच टाका.

रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी सवलतीची लेबलं शोधा. मात्र ‘त्सू फरब्राउखेन बिस’, म्हणजे ‘या तारखेपर्यंतच वापरा’, ही तारीख उलटलेला खिमा, चिकन फुकट मिळालं तरी नको.