किक मारून पाय दुखला, तरी गाडी उठेना: जुन्या टू-स्ट्रोकचा बिघाड कसा शोधायचा

यामाहाच्या आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. जुनी टू-स्ट्रोक येझदीही त्याच वर्षी बंद झाली. म्हणजे आज पांदणीनं वावराकडे जाणारी यातली कोणतीही गाडी घ्या, वय तीस वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्तच. आवाज अजून खणखणीत असला तरी वायरीचं रबर, सील आणि कॉइल म्हातारी झालेली असतात. गाडी सुरू झाली नाही की तालुक्याला नेतात. तिथं आधी कार्बोरेटर उघडतो आणि तेवढ्यानं भागलं नाही की ब्लॉक बोअर करायला (सिलिंडर आतून घासून मोठा करायला) जातो. हा क्रम उलटा आहे. आधी करंट (प्लगची ठिणगी) बघा, मग पेट्रोल, मग हवा. बोअर सगळ्यात शेवटी. पैसे वाचतात, आणि चांगला ब्लॉक उगाच घासला जात नाही.

सुरुवात प्लगपासून करा. चोक ओढून सात-आठ किक मारा आणि लगेच प्लग काढा. टोक पेट्रोलनं ओलं असेल, तर इंधन पोचतंय, करंट तपासा. ठणठणीत कोरडं असेल, तर पेट्रोल अडलंय. काळं आणि तेलकट असेल, तर ऑइल जास्त, चोक अडकलेला किंवा प्लग गरजेपेक्षा थंड. या एका तपासणीत अर्धी गाडी बाजूला पडते.

प्लग विकत घेताना दुकानदार देईल तो उचलू नका. आरएक्सला एनजीकेचा बीपी८एचएस लागतो, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. नावातला ‘एच’ म्हणजे चुडीची (आट्यांची) लांबी १२.७ मिमी. तिथे ‘ई’ असेल तर ती १९ मिमी असते, आणि असा प्लग कसला की थेट पिस्टनवर आदळतो. एनजीकेचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये याच्या उलट. पावसाळ्यात गाडी दिवसभर धुऱ्याधुऱ्यानं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असेल आणि प्लग सारखा काळा पडत असेल, तर बीपी७एचएस लावून बघा. मात्र एप्रिल-मेच्या उन्हात हायवेवर लांब जायचं असेल तर पुन्हा आठ नंबर लावा, नाहीतर पिस्टन धरायची (तापून ब्लॉकमध्ये अडकायची) भीती.

करंट

प्लग कॅपमध्ये घालून त्याची धातूची बाजू हेडच्या पात्यांना घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेट घेते. कॅप नुसती हवेत लटकवून किक मारू नका. करंटला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी सोडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) आतल्या आत जळू शकतो.

निळी, जाड, ‘टक्’ आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक ठिणगी म्हणजे आजारी करंट. उघड्यावर ०.६ मिमी उडी कोणतीही कॉइल मारते, खरी परीक्षा कंप्रेशनखाली होते. म्हणून कॅप काढा, प्लगच्या वायरीचं उघडं टोक सुक्या लाकडाच्या चिमट्यात धरा, इंजिनच्या धातूपासून ६-७ मिमीवर ठेवा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. एवढं अंतर निळ्या ठिणगीनं पार झालं तर कॉइल चांगली.

ठिणगी नसेल तर महागाच्या वस्तूकडे धावू नका. आधी कॅप. ती वायरीत पेचासारखी फिरवून बसवलेली असते. फिरवून काढा, वायर टोकाला ५ मिमी कापा, आतली तांब्याची तार चकचकीत दिसली पाहिजे, मग कॅप पुन्हा घट्ट फिरवा. रेझिस्टन्सवाली कॅप मीटरवर साधारण ५ किलोओहम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती फेका.

मग चावीची वायर. आरएक्ससारख्या सीडीआय गाडीत चावी बंद केली की एक वायर आर्थ होते आणि त्यामुळे करंट मरतो. यामाहात ही वायर काळी-पांढरी असते, अर्थात मधे कोणी वायरिंग बदललेलं नसेल तर. नाल्यातून गाडी काढली, किंवा रात्रभर पावसात उभी राहिली, की लॉकमध्ये पाणी शिरतं आणि चावी चालू असूनही वायर आर्थच राहते. सीडीआयजवळचं तिचं जोड सोडा आणि किक मारा. करंट आला तर दोष लॉकचा. मात्र ती वायर सुटलेली असताना इंजिन चावीनं बंद होणार नाही. गिअर टाका, ब्रेक दाबा आणि क्लच सोडा. पॉइंटवाल्या (सीडीआयऐवजी उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क असलेल्या) जुन्या येझदीत हिशेब उलटा: तिथं चावी कॉइलला बॅटरीचा पुरवठा देते. त्यामुळे बॅटरी उतरली की करंटही उतरतो. आरएक्सला मात्र ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. तिच्यात बॅटरी बदलून गाडी उठेल अशी आशा धरू नये.

नवीन रंग मारलेल्या गाडीत हमखास सापडणारा बिघाड म्हणजे आर्थिंग. पावडर कोटिंगवर कॉइलचा बोल्ट कसला की धातूला धातू लागतच नाही. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून काढा, तिथं एक आर्थ वायर इंजिनपर्यंत ओढा.

पॉइंटवाल्या गाडीत गॅप ०.३५ ते ०.४ मिमी, फिलर गेजनं मोजून. ब्लेडनं किंवा नजरेनं नको. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक कानसीनं हलके घासा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा कागद मधून ओढा, नाहीतर घासलेला चुराच करंट अडवतो. पॉइंट नेमके कधी उघडतात हे बघायला पतंगाच्या कागदाचा तुकडा मधे धरा आणि मॅग्नेट (क्रँकच्या टोकावर फिरणारं चुंबकाचं चाक) हातानं हळू फिरवा. कागद ज्या क्षणी सुटतो तोच टायमिंगचा क्षण, तो मॅग्नेटवरच्या खुणेशी जुळायला हवा. पॉइंटवर मोठ्या पांढऱ्या ठिणग्या उडत असतील आणि प्लगला मात्र बारीक करंट येत असेल, तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा छोटा डबा) गेलेला. पॉइंट बदलताना कंडेन्सरही बदला.

किक उलटी मारते, सायलेन्सरमधून फटाके फुटतात आणि करंट चांगला आहे? मग मॅग्नेटची अर्धचंद्र चावी बघा. नट सैल राहिला की ती तुटते, मॅग्नेट शाफ्टवर सरकतो आणि ठिणगी भलत्याच वेळी पडते. मॅग्नेट पुलरनंच काढा. हातोड्यानं ठोकला तर शाफ्ट वाकतो आणि मग खर्च चावीचा राहत नाही, क्रँकचा होतो.

विदर्भातल्या उन्हाळ्यात वेगळाच त्रास होतो. सकाळी गाडी एका किकमध्ये उठते, वीस-पंचवीस मिनिटं चालते, मग मरते आणि अर्धा तास सावलीत ठेवली की पुन्हा उठते. हे बहुतेक वेळा मॅग्नेटच्या आतल्या सोर्स कॉइलचं (सीडीआयला वीज देणाऱ्या कॉइलचं) काम असतं. गरम झालं की जुन्या तारांचं वार्निश सुटतं आणि वेढे आपसात भिडतात. थंड गाडीवर मीटर लावला तर सगळं ठीक दिसतं, म्हणून मेकॅनिक ‘कॉइल चांगली आहे’ सांगतो. गाडी मेली त्याच क्षणी, गरम असतानाच ठिणगी तपासा. मग वरच्या एचटी कॉइलवर (प्लगची वायर जिथून निघते ती) ओलं फडकं ठेवून पाच मिनिटं थांबा. करंट परत आला तर एचटी कॉइल दोषी, नाही आला तर खाली मॅग्नेट उघडा. रिवाइंडिंग करून मिळतं, पण चांगल्या तारेचं करून घ्या.

पेट्रोल

दोन-तीन महिने उभी राहिलेली गाडी असेल तर टाकीतलं पेट्रोल आधी काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून खाली बसतात, नेमकं कॉकच्या तोंडाशी. जुन्या रबरी नळ्या आणि फ्लोटच्या सुईचं रबरी टोकही त्यानं फुगतं. नळ्या नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. गावातल्या दुकानात बाटलीतून मिळणारं पेट्रोल रॉकेलमिश्रित निघालं तर थंडीच्या सकाळी किक मारून मारून घाम येईल, तरी गाडी उठणार नाही.

कार्बोरेटरकडून नळी सोडून कॉक उघडा. सलग धार पडली पाहिजे. धार बारीक होत गेली आणि टाकीचं झाकण उघडताच जोरात सुरू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, बहुतेक धुळीनं. गाडी दोन-तीन किलोमीटरवर बंद पडते आणि थोड्या वेळानं आपोआप उठते, त्यातल्या पुष्कळ गाड्यांना एवढंच झालेलं असतं.

कार्बोरेटरमध्ये थंड असताना सुरू होण्याचा सगळा भार चोक आणि पायलट जेटवर (स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या जेटवर) असतो. मिकुनी कार्बोरेटरचा चोक अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडलेला असतानाच पेट्रोल ओढतो. चोक ओढून वर रेस पिळत किक मारली की चोकचा उपयोगच संपतो. पायलट जेट स्टीलच्या तारेनं खोदू नका, भोक मोठं होतं आणि मग स्लो कधीच जुळत नाही. वायरीतली एकच मऊ तांब्याची तार घ्या, मग हवा मारा. एअर स्क्रू हलका पूर्ण कसून तिथून दीड फेरा उघडा, पुढचं बारीक जुळवणं गरम इंजिनवर करा.

इंजिन पेट्रोलनं भरलं असेल तर कॉक बंद, चोक बंद, प्लग बाहेर आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून दहा-बारा किक. सुका प्लग लावा आणि चोकशिवाय उठवा. रात्री कॉक बंद करायची सवय लावली तर ही वेळ बहुधा येत नाही.

ऑइल हातानं मिसळावं लागणाऱ्या गाडीत कंपनीचं प्रमाण पाळा. २० ला १ म्हणजे लिटरला ५० मिलि, २५ ला १ म्हणजे ४० मिलि. ‘इंजिन टिकेल’ म्हणून अंदाजानं जास्त ओतणारे फक्त प्लग काळा करतात.

सील, कंप्रेशन, सायलेन्सर

करंट आणि पेट्रोल दोन्ही ठीक, तरी गाडी थंड असताना नखरे करते, सुरू झाली की स्लो आपोआप वाढतो: मॅग्नेटकडचा ऑइल सील हवा ओढतोय. पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइल कमी होतं: क्लचकडचा सील. तपासायला इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी आणि क्लिपांनी बंद करा, गेज लावलेल्या पंपानं ६ पीएसआय हवा भरा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे. सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, फुगे दाखवतील कुठे. दहा पीएसआयच्या वर जाऊ नका, चांगला सीलही बाहेर येतो.

आरएक्समध्ये कार्बोरेटरच्या मागे रीड (एकाच दिशेनं उघडणाऱ्या पातळ पट्ट्या) असतात. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल मागे फेकलं जात असेल तर रीडचं टोक तुटलंय किंवा ती बसत नाही. राजदूत १७५, येझदीला रीड नाहीत, तिथं शोधू नका.

कंप्रेशन गेजवर घ्यायचं तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत किक मारा. या गाड्यांना १०० ते १२० पीएसआय ठीक. ९० च्या खाली गेलं की रिंग आणि ब्लॉक बघायचे. बोअरचा विषय इथे सुरू होतो, त्याआधी नाही. फिल्टरच्या फोममधून काळ्या मातीची धूळ जाऊन ब्लॉक घासतो, म्हणून नवीन रिंग टाकण्याआधी फोम रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, ऑइलमध्ये बुडवून पिळा. फाटला असेल तर बदला.

सगळं तपासून झालं तरी गाडी ‘फुस्’ करून थांबते, तेव्हा सायलेन्सर बघा. बाफल (सायलेन्सरच्या आतली भोकांची नळी) काजळीनं भरला असेल तर इंजिनला श्वासच सोडता येत नाही. बाफल बाहेर काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा (हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि भांडं अ‍ॅल्युमिनियमचं नको), मग तारेच्या ब्रशनं घासा. गोठ्यात किंवा पडवीत उभ्या असलेल्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात आणि कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते, तेही तारेनं टोचून काढा. सीटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, ते त्याच वेळी बघून घ्या.