खाडीच्या तोंडाशी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जाताय? पहिली चक्कर रॉड न घेता मारा

नवीन रॉड घेतला की जो तो विचारतो रील कुठला, लुअर म्हणजे नकली आमिष कुठलं, फेक किती लांब जाते, आणि मग खाडीच्या तोंडाशी उभं राहून अंगात असेल तेवढा जोर लावून मध्यभागी भिरकावतो. मासा बऱ्याच वेळा पायापासून वीस पावलांवर असतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच की पहिल्यांदा जाताना रॉड घरी ठेवा आणि पूर्ण सुकतीला, म्हणजे ओहोटीचं पाणी पार उतरल्यावर, नुसती खाडी बघून या. मी रत्नागिरीची भाट्याची खाडी डोळ्यासमोर ठेवून सांगतोय, काजळी नदी समुद्राला मिळते ती, पण केळशी घ्या, अंजर्लं घ्या नाहीतर खाली देवबाग, हिशोब सगळीकडे तोच.

सुकतीला खाडीचं पोट उघडं पडतं. वाळूचा पट्टा कुठे संपतो आणि खोल पन्हळ कुठे सुरू होते, खडक कुठे आहेत, खडकामागे खड्डा पडलाय का, एखादा छोटा वहाळ बाजूने येऊन मिळतोय का, हे सगळं तेव्हाच दिसतं. मोबाईलवर फोटो काढा आणि खुणा धरून ठेवा, म्हणजे समोरचा अमुक माड आणि पुलाचा तमुक खांब एका रेषेत आला की पुढे खड्डा, असं. भरतीला सगळीकडे सारखंच पाणी दिसतं तेव्हा ह्या खुणाच कामाला येतात. आणि हे दरवर्षी पावसाळ्यानंतर परत करायचं, कारण भाट्याच्या तोंडाशी गाळ साचतो, वाळूचे पट्टे सरकतात, गेल्या वर्षीची पन्हळ ह्या वर्षी गुडघाभर झालेली असते.

आता वेळ. ॲपवर भरतीचा टाइम मिळतो, वापरा, पण कॅलेंडरवरून काढायची जुनी पद्धत पण यायला हवी, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे मुंबईला साधारण तीनच्या सुमारास भरती पूर्ण, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा. शुक्ल-कृष्ण दोन्ही पक्षात चालतं. रत्नागिरीकडे मुंबईपेक्षा भरती पाऊण-एक तास आधी होते ते वजा करा. उंचीतही फरक आहे, मुंबईला उधाणात पाणी चार-साडेचार मीटरवर जातं, गोव्याकडे जेमतेम दोन-सव्वादोन, त्यामुळे मुंबईच्या खाडीतली ओढ मनात धरून दक्षिणेला गेलात तर अंदाज चुकेल.

अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाण, पाणी एवढं जोरात वाहतं की साठ ग्रॅमचं शिसं पण तळाला टिकत नाही, त्यात गवत आणि कचरा दोरीला येऊन बसतो. अष्टमी-नवमीला भांग, पाणी मरगळलेलं. मला आवडते ती चतुर्थी ते षष्ठी, कारण ओढ बेताची असते आणि रत्नागिरीत दुपारी दोन ते साडेतीनच्या मध्ये भरती लागून ओहोटी बरोबर संध्याकाळपर्यंत चालते. ओहोटी सुरू झाली की पहिले दोन-अडीच तास सोडायचे नाहीत. आत तिवरांत शिरलेली कोळंबी, बोयटं, बारीक मासळी त्या पाण्याबरोबर बाहेर निघते आणि मोठा मासा तोंडाशी वाट बघत बसतो. एक लक्षात ठेवा, समुद्राची भरती संपली म्हणून खाडी लगेच उलटी वाहत नाही, तोंडाशी पाणी वळायला वेळ लागतो, तेव्हा घड्याळापेक्षा तरंगणाऱ्या काडीकडे बघा.

मोठा मासा ओढीत उगाच पोहत बसत नाही, तो आडोशाला थांबतो. खडकाच्या मागे, पट्ट्याच्या उतारावर, किंवा जिथे गढूळ आणि निवळ पाणी एकमेकाला घासतं आणि फेसाची रेघ पडते तिथे. आमिष ओढीच्या वरच्या बाजूला टाका आणि वाहत वाहत त्या रेघेत जाऊ द्या.

सामानात फार पडू नका. ९-१० फुटी रॉड, ४००० ते ५००० साइजचा रील, ०.३५-०.४० मिमीचा तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी किंवा २०-३० पौंडाची ब्रेड म्हणजे विणलेली दोरी. मेन दोरीत आधी भोकाचं शिसं सरकतं सोडायचं, मग मणी, मग स्विव्हल म्हणजे फिरती कडी, त्याला दीड-दोन फूट लीडर म्हणजे जाड दोरीचा तुकडा आणि १/० ते ३/० ची गरी (गळ). शिसं सरकतं असलं की मासा आमिष घेऊन जाताना त्याला वजन लागत नाही, तो सोडत नाही. लीडर ४० पौंडांच्या खाली नको, जिताड्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते, पातळ दोरी सटकन जाते. बाटलीला गुंडाळलेल्या नुसत्या दोरीने गरवणारे पण भरपूर आहेत आणि कित्येकदा तेच जास्त मारतात.

आमिष म्हणाल तर जिवंत कोळंबीला तोड नाही. ती उजेडात धरली की डोक्यात एक काळा डाग दिसतो, त्या डागाला गरी लागली की कोळंबी गेलीच. म्हणून डागाच्या पुढे, डोक्यावरच्या करवतीच्या मुळाशी, वरच्या कवचातून गरी काढायची नाहीतर शेपटीच्या शेवटच्या पेरातून आरपार. नीट लावली तर बराच वेळ पाय मारत राहते आणि तेच तर हवंय. जिवंत नाही मिळाली तर तारलीचे तुकडे किंवा बोयटं. फ्रीजरमधली मऊ पडलेली कोळंबी एका फेकीत गळून जाते, पैसे वाया.

तांबोशी टकाटक मारते आणि सरळ खडकात घुसते, तेव्हा तिला दोरी सोडायची नाही. जिताडा उडी मारून डोकं झटकतो, अशा वेळी रॉड खाली घ्यायचा. गरीच कुरतडून नेली असेल तर केंड (फुगणारा मासा) समजा, जागा बदला, आणि केंड आला तरी खायच्या भानगडीत पडू नका, विषारी आहे. शेंगाळा मात्र हमखास येणार. त्याच्या पाठीवर एक आणि बाजूला दोन काटे, तिन्ही ठणका आणणारे, तो हातात न धरता पक्कडीने गरी काढा. काटा लागलाच किंवा पाकटाने (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) मारलं तर ती जागा सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास तरी बुडवून ठेवायची, ठणका उतरतो, आणि मग डॉक्टर गाठायचा. पाकटाचा मार बहुतेक वेळा वाळूत पाय ठेवल्यावरच बसतो, म्हणून पाण्यात उतरलात तर पाय न उचलता घासत चाला.

खरं तर उतरायची गरजच नाही. ओहोटीला पट्ट्याच्या टोकावर उभे राहिलात तर पायाखालची वाळू खचते आणि तोंडाशी ओढ सरळ समुद्राकडे असते, पोहता येणाऱ्याचं पण तिथे काही चालत नाही. भरतीला उलटं होतं, मागचा सखल भाग आधी भरतो आणि तुम्ही बेटावर. पावसाळ्यात तर तोंडाशी जाऊच नका, १ जूनपासूनची बंदी यांत्रिक बोटींना असते, काठावरच्या गळाला नाही, पण लाटा आणि नदीचा लोंढा तो फरक बघत नाहीत.

भाट्याच्या खाडीत राजिवड्याकडच्या बाजूला लोकांच्या पोटापाण्याची जाळी लागलेली असतात. थर्माकोलचे फ्लोट दिसले की त्यावरून फेकायचं नाही. कुणी चाचा पाग (हाताने फेकायचं जाळं) घेऊन उभे असतील तर आधी विचारा, चाचा इकडे टाकू का, म्हणून. बहुतेक वेळा हो म्हणतातच, वर काल कुठे लागलं ते पण सांगतात.

बारीक मासा सोडून द्या, महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिलाय. जिताड्याचं तर अजून वेगळं, तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे लहान-लहानच उचलत गेलात तर पुढे अंडी घालायला कोण उरणार. ठेवायचा तो मासा उन्हात पिशवीत टाकू नका, गालफड कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात खारं पाणी घालून त्यात बुडवा. घरी जाईपर्यंत कडक राहतो आणि खवले काढताना मांस फाटत नाही.