'हम' ऐकायचा तर कुठून सुरू कराल?

पहिली अडचण नावातच आहे. ॲपमध्ये रोमन लिपीत 'हम' टाकलं की समोर येतो १९९१चा अमिताभचा सिनेमा आणि 'जुम्मा चुम्मा'. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला, शँपेन गावचा हा रॉक बँड त्या ढिगाखाली सापडत नाही. म्हणून थेट १९९५च्या अल्बमचं पूर्ण नाव टाका: 'यूड प्रिफर ॲन ॲस्ट्रॉनॉट'. हिरव्या मुखपृष्ठावर झेब्रा दिसला की बरोबर जागी पोचलात. तिथूनच बँडला फॉलो करून ठेवा, पुन्हा शोधाशोध नको.

गाजलं ते एकच गाणं, तिसऱ्या क्रमांकाचं 'स्टार्स'. बहुतेक जण तेवढंच ऐकून उठतात. तसं करू नका. शफल बंद करून 'लिटल डिपर'पासून नऊही गाणी ओळीने ऐका.

'स्टार्स'ची सुरुवात अगदी हळू: एक गिटार आणि पुटपुटल्यासारखा आवाज. नवखा इथे आवाज वाढवतो, आणि गिटारींची भिंत अंगावर आली की इअरफोन उपटून काढतो. आधी मधला दणदणीत भाग लावा, तिथे आवाज कानाला सोसेल इतका ठरवा, मग गाणं मागे न्या. सुरुवात बारीक वाटली तरी हात लावायचा नाही.

बेस बूस्ट बंदच ठेवा. या गिटारी मुळातच खालच्या पट्टीत घुमतात, बेस गिटारही तिथेच. त्यात आणखी भर घातली की सगळ्याचा लगदा होतो आणि गायक मॅट टॅल्बटचा शांत आवाज आधी बुडतो. बसच्या इंजिनाची घरघरही तोच पट्टा खाते, त्यामुळे पीएमपीत ऐकून बँडबद्दल मत बनवू नये.

पुढचा अल्बम १९९८चा 'डाउनवर्ड इज हेवनवर्ड'. खरं तर हाच सरस. एकदा फक्त ड्रम्सवर कान ठेवून ऐका. ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना ब्रायन सेंट पीअरचा हात लगेच कळेल. तो २०२१मध्ये वारला. २०२०चा 'इनलेट' त्यानंतर घ्या: आठच गाणी, पण लांबलचक आणि संथ. सुरुवात त्याने केलीत तर कंटाळाल. १९९३चा 'इलेक्ट्रा २०००' कच्चा आणि आरडाओरड्याचा आहे, तो शेवटी.

आणि 'लिटल डिपर' म्हणजे आपला ध्रुवमत्स्य. तो बघत ऐकायचं असेल तर मे महिन्यात रात्री अकरानंतर, उत्तर मोकळी असलेली गच्ची गाठा. पुण्यातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो, समोरची इमारत सहज आड येते. शहराच्या उजेडात सातपैकी तीनच तारे दिसतील: ध्रुव आणि दुसऱ्या टोकाचे दोन. मधले चार गाण्यात.